गॅस चालू, घर गार: बफेलोच्या हिमवादळातले 44 तास

हे प्रकरण डिसेंबर 2022 मधल्या बफेलोच्या हिमवादळातलं, एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात चार माणसं: नवरा-बायको, पाच वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई, वय 67, मधुमेहासाठी रोज इन्सुलिन. जीव वाचला, घराचं नुकसान झालं, आणि अधूनमधून नशिबानेही हात दिला. तो कुठे दिला हेही नोंदवलं आहे, कारण पुढच्या वेळी ती जागा तयारीने भरावी लागेल.

पार्श्वभूमी

बफेलो न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, एरी सरोवराच्या काठावर आहे. हिवाळ्यात सरासरी 240 सेंमीच्या आसपास बर्फ पडतो, त्यामुळे बर्फाचं इथे कुणाला अप्रूप नाही. एरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांतलं सर्वांत उथळ सरोवर. ते लवकर गोठतं, पण डिसेंबरमध्ये बहुधा मोकळंच असतं. त्याची सुमारे 390 किमी लांबी नैर्ऋत्य-ईशान्य पसरलेली आहे. गार वारा नेमका त्याच दिशेने वाहिला की पाण्यावरून ऊब आणि वाफ उचलत येतो आणि टोकाला असलेल्या बफेलोवर बर्फ ओततो.

या बर्फाचा पट्टा अरुंद असतो, आणि इथेच या कुटुंबाचा अंदाज चुकला. महिनाभर आधी, नोव्हेंबरच्या मध्यावर, शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क भागात दोन मीटरच्या घरात बर्फ पडला होता. हे कुटुंब राहतं उत्तरेला. त्यांच्या दारात तेव्हा एका सकाळच्या फावड्याचं काम झालं, तेवढंच. "दोन मीटर म्हणाले होते, झालं काय?" हा हिशोब डोक्यात बसला.

पण बर्फ किती पडणार आणि वादळ किती घातक, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येत 'ब्लिझर्ड' म्हणजे ताशी 56 किमी किंवा जास्त वेगाचा वारा आणि 400 मीटरपेक्षा कमी दृश्यमानता, सलग तीन तास. व्याख्येत सेंटिमीटर कुठेच नाहीत. 28 जानेवारी 1977 ला सुरू झालेल्या बफेलोच्या प्रसिद्ध वादळात नवा बर्फ जेमतेम फूटभर होता. गोठलेल्या सरोवरावर साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणला, आणि 29 माणसं गेली. डिसेंबर 2022 चा इशाराही आधी वाऱ्याचा होता. हवामान खातं त्याला 'पिढीत एकदा येणारं' म्हणत होतं, आणि तेही बरेच दिवस आधीपासून.

प्रत्यक्षात ब्लिझर्डची स्थिती सलग सुमारे 37 तास टिकली, झोत ताशी 110 किमीच्या वर गेले आणि विमानतळावर एकूण 51.9 इंच म्हणजे 132 सेंमी बर्फ मोजला गेला. परिसरात 40 हून अधिक माणसं दगावली. कुणी रस्त्यात, कुणी गाडीत, कुणी ऊब गेलेल्या घरात, कुणी फावडं मारताना हृदय बंद पडून.

घर आणि त्याची ऊब

घर शंभरेक वर्षांचं, लाकडी, दुमजली. खाली हे कुटुंब, वर भाडेकरू विद्यार्थी, जो सुट्टीसाठी गेला होता. वरची जागा रिकामी आणि तिचा थर्मोस्टॅट कमीवर लावलेला.

तळघरात गॅसवर चालणारी नव्या प्रकारची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी. जुन्या फर्नेसचा धूर विटांच्या धुराड्यातून छपरावर जायचा. नव्या जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर इतका गार असतो की तो पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडतात. शेजारीच दुसरा पाइप, बाहेरची हवा आत घेणारा. या घरात हे दोन्ही पाइप जमिनीपासून जेमतेम 35 सेंमीवर होते, तेही दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळात. बोळात वारा मंदावतो आणि त्याने उचललेला बर्फ तिथेच खाली बसतो. घराभोवती सर्वांत उंच ढीग कुठे लागणार, हे त्यामुळे आधीच सांगता आलं असतं.

गॅसची फर्नेस विजेशिवाय चालत नाही, हे भारतातून आलेल्या बहुतेकांना पहिल्या वीजकपातीपर्यंत ठाऊक नसतं. ज्योत गॅसची, पण हवा ढकलणारा पंखा, धूर खेचणारी छोटी मोटर, ठिणगी आणि नियंत्रण पट्टी सगळं विजेवर. चालताना साधारण 400 ते 800 वॉट लागतात. म्हणजे 1000 वॉट-तासांची बॅटरी दोनेक तासांत संपते.

उलट, पाणी तापवायची गॅसची टाकी जुनी होती. आत सतत जळणारी पायलट ज्योत, धूर छपरावरच्या धुराड्यातून. तिला वीज लागत नाही. या घरातली सर्वांत मोलाची वस्तू हीच ठरली आणि वादळाआधी कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

पहिला निर्णय: शुक्रवार, 23 डिसेंबर, सकाळ

गुरुवारी खरेदी झाली: दूध, पाव, पोहे, मेणबत्त्या, मुलीसाठी खाऊ. रॉचेस्टरला, सुमारे 120 किमीवर, नातेवाईक होते. गुरुवारी संध्याकाळी तिकडे जाण्याचा विषय निघाला आणि "नाताळात त्यांच्याकडे आधीच पाहुणे" म्हणून बारगळला.

शुक्रवारी सकाळी बाहेर पाऊस होता आणि तापमान शून्याच्या वर. साडेआठच्या सुमारास लक्षात आलं की सासूबाईंच्या इन्सुलिन पेनांचा नवा खोका दुकानातून आणायचा राहिला आहे. वापरात असलेल्या पेनात चार दिवस पुरेल एवढं होतं. नवरा 8:40 ला गाडी घेऊन निघाला. अंतर तीन किमी.

तो रांगेत असतानाच थंड हवेची आघाडी शहरावरून गेली. एरी काउंटीची, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्याची, वाहनबंदी 9:30 ला लागू झाली, म्हणजे अनेक माणसं कामावर पोचल्यावर, आणि त्या उशिरावर पुढे बरीच टीका झाली. परतीच्या तीन किमीला 45 मिनिटं लागली. शेवटचा टप्पा त्याने खिडकीची काच खाली करून, रस्त्याकडेच्या गाड्या मोजत काढला.

पूर्ण प्रकरणातली सर्वांत धोक्याची कृती हीच. "पटकन जाऊन येतो" असं म्हणून माणूस निघतो तेव्हा आपण निर्णय घेतोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. चार दिवसांचा साठा हातात होता आणि वादळाचा अंदाज दोन-तीन दिवसांचा. हा साधा वजाबाकीचा हिशोब मांडला असता तर जाण्याची गरजच नव्हती. खोका आणायचाच होता तर गुरुवारी.

दुसरा निर्णय: वीज गेल्यावर

शुक्रवारी दुपारी 3 च्या सुमारास वीज गेली. तेव्हा आत 20 अंश होते. रात्री 10 ला 13, शनिवारी सकाळी 7 ला 8, रविवारी सकाळी 4. बाहेर उणे 10 ते उणे 13, आणि वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे 25 ते 30. जुन्या घराच्या फटींतून वारा सरळ आत येत होता.

पर्याय चार होते.

गाडीत बसून हीटर लावणं. सूचना नवऱ्याची, फोनही चार्ज होतील म्हणून. गाडीचा धूर सोडणारा पाइप बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तळातून गाडीत शिरतो. तो दर दहा मिनिटांनी मोकळा करत बसणं त्या वाऱ्यात शक्य नव्हतं. पर्याय रद्द झाला, हे योग्यच.

गॅसच्या शेगडीने घर तापवणं. बर्नर काडीने पेटत होते, त्यामुळे मोह मोठा होता. शेगडीला धूर बाहेर नेणारा पाइप नसतो. तासन्‌तास जळत ठेवली तर ज्योत अपुऱ्या हवेवर जळू लागते आणि तोच वायू घरात साचतो. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीचा होता, पण बॅटरी कधी बदलली ते कुणाला आठवेना. हा अलार्म तो वायू येताक्षणी वाजत नाही, हेही ठाऊक हवं. त्याच्या मानकानुसार दशलक्षात 70 भाग असताना तो एक ते चार तासांत वाजतो, 400 भागांवर 4 ते 15 मिनिटांत. डोकं दुखायला लागलं आणि अलार्म गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ठरलं असं: शेगडी फक्त स्वयंपाकाला, एका वेळी 15 मिनिटं, खिडकी बोटभर उघडी.

मदत मागणं. आपत्कालीन क्रमांकावर फोन लागला, नोंद झाली, कुणी आलं नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाड्याही अडकल्या होत्या. शहराच्या मोठ्या भागात या सेवा पोचूच शकत नव्हत्या.

चौथा पर्याय, एका खोलीत एकत्र राहणं, हाच उरला, आणि तो नीट पार पाडला गेला. खोली निवडताना मोठा हॉल सोडून 10 बाय 11 फुटांची, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची, एकच खिडकी असलेली निजायची खोली घेतली. सासूबाईंनी सोबत आणलेल्या दोन गोधड्यांपैकी एक खिडकीवर ठोकली, दुसरी दारावर पडद्यासारखी. दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल. पलंगाच्या दोन्ही गाद्या जमिनीवर शेजारी, खाली योगाच्या चटया आणि पुठ्ठे. चार माणसांच्या अंगातून मिळून साधारण 400 वॉट ऊब निघते. बाकी घर 4 अंशांवर आलं तेव्हाही ही खोली 11 ते 12 वर टिकली.

गरम पाण्याची टाकी इथे कामी आली. स्टीलच्या बाटल्या नळाच्या गरम पाण्याने भरायच्या, लोकरी मोज्यात घालायच्या आणि पायांशी, काखेत ठेवायच्या. दर तीन तासांनी पाणी बदलायचं. सासूबाईंचं म्हणणं होतं की बाटली पोटाशी धरली की झोप लागते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून त्यांच्या पायाला बाटली थेट लावायची नाही, हे सुनेने लक्षात ठेवलं. मेणबत्त्या खोलीत लावल्या नाहीत, हेडलॅम्प वापरले.

इन्सुलिनचं काय झालं

वीज गेल्यावर तासाभरात "फ्रिजमधलं खराब होईल" म्हणून दूध, भाज्या, उरलेलं वरण असं सगळं एका क्रेटमध्ये भरून बंद पोर्चवर ठेवलं. दाराच्या कप्प्यातला औषधांचा डबाही त्यात गेला. शनिवारी सकाळी नवा खोका उघडला तेव्हा पेनांमधलं द्रव घट्ट गोठलेलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं. त्याचा परिणाम राहील याची खात्री नसते. ज्या खोक्यासाठी शुक्रवारची ती फेरी मारली, तो आख्खा फेकला.

वापरातलं पेन सासूबाईंच्या उशाशी, कपड्यांच्या पिशवीत होतं म्हणून वाचलं. ते तिथे का होतं, तर त्यांची सवय. नशिबाचा हात तो हाच. घर स्वतःच फ्रिजइतकं गार होत असताना सामान बाहेर काढायची मुळात गरज नव्हती. इन्सुलिन या थंडीत माणसाच्या अंगालगत, आतल्या खिशात ठेवायचं.

तिसरा निर्णय: शेजारी जायचं की नाही

तीन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे वीज होती. एकाच रस्त्यावर अर्धी घरं दुसऱ्या वीजवाहिनीवर असणं नवीन नाही. त्यांनी शनिवारी दुपारी फोन करून बोलावलं. अंतर 40 मीटर.

चाळीस मीटर ऐकायला काहीच नाही. पण समोरच्या पोर्चचा खांब दिसत नव्हता, बर्फ कमरेच्या वर होता आणि बरोबर 67 वर्षांच्या बाई आणि पाच वर्षांची मुलगी. या वादळात घरापासून थोड्या अंतरावर सापडलेले मृतदेह हे दाखवून देतात की दिशा चुकायला फार चालावं लागत नाही.

इथे त्यांनी एक चांगली गोष्ट केली. आकडा आधी ठरवला. खोलीचं तापमान 8 च्या खाली गेलं, किंवा सासूबाईंची थरथर थांबून बोलणं अडखळू लागलं, तर काहीही असो, दोरी बांधून निघायचं. नाहीतर वारा पडेपर्यंत थांबायचं. थरथर थांबणं हे बरं वाटण्याचं लक्षण नाही, शरीर हरत असल्याचं आहे, हे सुनेला माहीत होतं. तिने दर तासाला सासूबाईंना काहीतरी विचारायला सुरुवात केली: आज वार कोणता, पुण्यातल्या घराचा नंबर काय. तिसऱ्यांदा विचारल्यावर सासूबाई वैतागल्या, "अगं, मला काय खुळी समजतेस का?" उत्तर खणखणीत आलं, म्हणजे ठीक.

वारा शनिवारी रात्री उशिरा उतरू लागला. रविवारी सकाळी 9 ला सासूबाई आणि मुलगी शेजारी गेल्या. शेजारी त्यांच्या दारापासून फावडं मारत आले, नवरा इकडून. वीस मिनिटं लागली.

वीज आली, ऊब आली नाही

रविवारी सकाळी 11 वाजता, 44 तासांनी, वीज आली. फर्नेस तीनदा सुरू व्हायचा प्रयत्न करून गप्प झाली. नियंत्रण पट्टीवरचा छोटा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकत होता. संख्येचा अर्थ फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. अर्थ निघाला: प्रेशर स्विच उघडाच राहतोय, जुळत नाही. धूर खेचणारी मोटर फिरली की पाइपात ओढ तयार होते, ती एका रबरी नळीने या स्विचला कळते. ओढ मिळाली नाही तर गॅस सुटत नाही. याला बिघाड समजून स्विचच्या दोन तारा जोडून टाकणारे महाभाग असतात. तसं केलं की बुजलेल्या पाइपाचा धूर घरात येतो.

पाइप बोळात दीड मीटर बर्फाखाली होते. नेमके कुठे, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी तळघरात आतून भिंतीच्या कोपऱ्यापासून अंतर मोजलं, 2.7 मीटर, आणि तेवढंच बाहेर मोजून खणलं. चाळीस मिनिटं, दोघांनी आळीपाळीने, दर पाच मिनिटांनी थांबत. शेवटचा हातभर बर्फ हातानेच काढला, कारण थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं आणि फावड्याच्या एका फटक्याने तडकतं.

फर्नेसचं बटण 30 सेकंद बंद करून परत लावलं. ज्योत पेटली आणि तीन मिनिटांनी पुन्हा गेली. आता दुसरी अडचण. या फर्नेसच्या धुरातली वाफ थंड होऊन पाणी बनतं आणि ते एका बारीक नळीने गटारात जातं. तळघराच्या गार कोपऱ्यात त्या नळीच्या वळणात पाणी गोठलं होतं. पाणी मागे तुंबलं की ओढ पुन्हा बिघडते. गरम पाण्यात बुडवलेले टॉवेल नळीभोवती गुंडाळून पंधरा मिनिटांत ती मोकळी झाली. 12:50 ला फर्नेस लागली. घर 18 अंशांवर यायला रात्र झाली.

राहून गेलेला वरचा मजला

खालचे नळ शुक्रवारी रात्रीपासून बारीक धारेने सोडले होते, सिंकखालची कपाटं उघडी ठेवली होती. खाली एकही पाइप गोठला नाही. वरच्या रिकाम्या जागेचा विचार कुणी केला नाही. तिथल्या स्वयंपाकघराचा पाइप बाहेरच्या भिंतीतून जातो. तो शनिवारी गोठून फुटला असावा. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. सोमवारी घर तापलं आणि दुपारी खालच्या हॉलच्या छतावर ताटाएवढा पिवळा डाग पसरला. मुख्य व्हॉल्व्ह तळघरात पाण्याच्या मीटरशेजारी होता, पण त्याच्यासमोर खोकी रचलेली. ती हलवून व्हॉल्व्ह फिरवेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली आणि प्लास्टरचा तुकडा खाली आला. शहरातली वाहनबंदी गुरुवार, 29 तारखेला उठली. प्लंबर त्यानंतरच आला. तोवर खाली-वर दोन्हीकडे नळाला पाणी नव्हतं, बर्फ वितळवून बादल्या भरल्या.

वर जाणाऱ्या पाण्याला वेगळा व्हॉल्व्ह होता, तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. शुक्रवारी दुपारी तो बंद करून वरचे नळ उघडे ठेवले असते, तर पाइपातला दाब उतरला असता, आणि पाइप फुटला तरी वरून पाणी वाहत राहिलं नसतं. काम दहा मिनिटांचं, आणि वरच्या जागेची चावी त्यांच्याकडेच होती.

काय वेगळं करता आलं असतं

रॉचेस्टरला जायचं तर गुरुवारी संध्याकाळीच. शुक्रवारी सकाळी 9 नंतर तो पर्याय उरलाच नव्हता. इन्सुलिनवर माणूस आणि विजेवर अवलंबून ऊब, हे दोन्ही एका घरात असतील तर जाणं हा पहिला पर्याय धरावा, पाहुण्यांची अडचण काहीही असो.

आता त्या घरात हे बदल झाले आहेत. फर्नेसचे दोन्ही पाइप कोपर लावून भिंतीलगत मीटरभर उंच नेले. हे फर्नेस बसवणाऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं, कारण पाइपाची एकूण लांबी आणि कोपरांची संख्या यांना निर्मात्याने मर्यादा घातलेली असते, आणि हवा घेणारं व धूर सोडणारं तोंड फार जवळ आलं तर फर्नेस स्वतःचाच धूर ओढते. पाइपांशेजारी अडीच मीटरची लाल काठी रोवली. अलार्म दोन झाले, एक तळघरात, एक निजायच्या खोलीबाहेर, आणि बॅटरीवर तारीख लिहिली. छोटा जनरेटर घ्यायचा विचार झाला आणि सोडला. तो घरापासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर ठेवावा लागतो, आणि त्या वाऱ्यात तिथवर कुणी गेलं नसतं. मुख्य व्हॉल्व्हसमोरची खोकी कायमची हलली. वरच्या व्हॉल्व्हला सुनेने एक पत्र्याचा बिल्ला बांधला आहे, त्यावर मार्करने लिहिलंय: "वर कुणी नसेल तर बंद."